स्वभावाचा रकाना

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, १८२६ साली सरकारने वेड्यांसाठी जे रुग्णालय उभारले, त्याची पुढील काळातील वार्षिक प्रतिवृत्ते ठरीव तक्त्यांच्या साच्यात तयार होत, आणि त्या तक्त्यांत रुग्णाची जात, धंदा व वय यांच्या पाठोपाठ दोन रकाने येत: वेडाचा प्रकार कोणता, आणि वेडाचे कारण काय. प्रकाराच्या रकान्यात भरण्याजोगे शब्द मोजकेच होते. उन्माद, विषाद, बुद्धिभ्रंश, जन्मजात बुद्धिमांद्य अशा चार-पाच खणांत मुंबई इलाख्यातील सगळे मनोविकार बसवावे लागत. ज्याची बुद्धी शाबूत आहे, ज्याला आवाज ऐकू येत नाहीत की भलतेसलते दिसत नाही, जो हिशेब चोख करतो आणि चारचौघांत नीट बोलतो, परंतु ज्याचा संशय, ज्याचा संताप, ज्याचे परावलंबन किंवा ज्याची निर्दयता ऐन तारुण्यापासून त्याच्या मागे लागून त्याच्या संसाराची आणि आप्तांची धूळधाण करते, अशा माणसासाठी त्या तक्त्यात खण नव्हता. तसा माणूस कुलाब्याला सहसा येतच नसे. तो घरात राही आणि घराचे जे व्हायचे ते होई, अथवा त्याच्या हातून गुन्हा घडला म्हणजे तुरुंगाची वाट धरी.

युरोपातील वैद्यांना ही उणीव एव्हाना जाणवू लागली होती. पॅरिसच्या फिलिप पिनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच, बुद्धी न ढळता केवळ आवेगाच्या अधीन होणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून ठेवले होते, आणि ब्रिस्टलचे जेम्स कौल्स प्रिचर्ड यांनी १८३५ साली आपल्या ग्रंथात, ज्यात विचारशक्ती निर्दोष राहून भावना, वृत्ती आणि आचरण यांचाच विपर्यास होतो, अशा एका स्वतंत्र विकाराची कल्पना मांडली होती. तथापि ग्रंथात मांडलेली कल्पना सरकारी तक्त्यात उतरायला मोठा काळ जावा लागतो. आणि मुंबईपुरते बोलायचे तर प्रकाराच्या रकान्यापेक्षा कारणाच्या रकान्याचीच अवस्था अधिक शोचनीय होती.

ती अवस्था उघडकीस आणली ती एका निराळ्याच चौकशीने. गांजा, भांग व चरस यांच्या सेवनाने हिंदुस्थानात वेड वाढते आहे काय, हे तपासण्यासाठी १८९३ साली सरकारने एक आयोग नेमला. १८९३-९४ मध्ये या आयोगाने ठिकठिकाणच्या वेड्यांच्या इस्पितळांतील कागद एकेका रुग्णाचा माग घेत उलगडले, तेव्हा असे आढळले की, कारण म्हणून लिहिलेला 'गांजा' हा शब्द पुष्कळ ठिकाणी कोणा वैद्याच्या परीक्षेतून आलेलाच नव्हता. रस्त्यात सापडलेल्या माणसाला पोलीस शिपाई पकडून आणी, त्याच्याबरोबर एक कैफियतवजा कागद देई, कारणाचा खण रिकामा ठेवणे शिरस्त्याला सोडून म्हणून त्यात सुचेल ते लिही, आणि तेच लिहिणे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून, इस्पितळाच्या दफ्तरातून, इलाख्याच्या वार्षिक तक्त्यातून थेट कलकत्त्यापर्यंत प्रवास करी. वाटेत कोणीही नातेवाइकाला विचारीत नसे की हा माणूस पूर्वी कसा होता. आयोगाने हे आकडे विश्वासास अपात्र ठरविले, ही गोष्ट आपल्याकडील मनोवैद्यकाच्या इतिहासात जितकी ठळकपणे सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही. माणसाच्या मनाविषयीचा निर्णय कोणी, किती वेळ घेऊन आणि कोणाच्या जबानीवर लिहिला, हा प्रश्न या शहराला तेव्हा प्रथम पडला, आणि त्यानंतरचा मुंबईतील व्यक्तिमत्त्व-विकारांच्या निदानाचा सारा वृत्तान्त माझ्या मते याच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे.

पुढली तीस-चाळीस वर्षे भराभर ओलांडता येतील. १९०१ साली ठाण्यास नौपाड्याचे, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे इस्पितळ निघाले. १९१२ साली वेड्यांसंबंधीचा नवा कायदा झाला. दारे, कुलुपे आणि हुकूम यांची व्यवस्था सुधारली, निदानाची फारशी सुधारली नाही. जर्मनीत मात्र या काळात पायाभूत काम चालले होते. तेथील कोख यांनी १८९१ साली स्वभावाच्या या विकारांना एक सामान्य नाव दिले, क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्त्यांतून त्यांचे प्रकार पाडले, आणि १९२३ साली कुर्ट श्नायडर यांनी दहा प्रकारांची ती यादी प्रसिद्ध केली की जिची छाया पुढच्या प्रत्येक वर्गीकरणावर पडलेली आहे. श्नायडर यांची व्याख्या साधी आणि न्याय्य होती: सामान्यांपासून वेगळा स्वभाव हा तेवढ्याने विकार होत नाही, त्या वेगळेपणाने तो मनुष्य स्वतः दुःख भोगत असेल किंवा इतरांना भोगावयास लावीत असेल, तरच वैद्याने त्यात लक्ष घालावे. या व्याख्येचा उत्तरार्ध धोक्याचा आहे, कारण इतरांना होणारा त्रास मोजायचा कोणी, आणि ते इतर स्वतःच त्रासदायक असले तर काय करायचे, याचे उत्तर तिच्यात नाही. परंतु पूर्वार्ध मोलाचा आहे.

मुंबईत या नव्या विचाराला जागा मिळाली ती वेड्यांच्या इस्पितळाबाहेर. १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजसेवेची उच्च शिक्षणसंस्था सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. १९३८ साली डॉ. के. आर. मसानी यांनी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग चालू केला. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ साली असा विभाग काढला होता. सर्वसाधारण रुग्णालयात निघालेला मसानींचा हा विभाग देशातील दुसरा. ज्या दारातून खोकल्याचा आणि हाड मोडल्याचा रोगी आत जातो, त्याच दारातून मनाच्या तक्रारीचा रोगी आत जाऊ लागला, आणि तोही बेड्यांवाचून, हुकुमावाचून, आपल्या पायांनी व बहुधा आईचा किंवा भावाचा हात धरून. वर्गीकरणाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे की, कुलाबा आणि ठाणे येथील वैद्यांना जो माणूस कधी दिसलाच नव्हता, तो बुद्धी शाबूत असलेला परंतु स्वभावाने पिडलेला माणूस आता वैद्यापुढे प्रथमच येऊन बसला.

त्याच्यापुढे बसणारा वैद्य परळला घडला. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२५ साली आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे आजचे केईएम, १९२६ साली सुरू झाले, ते मुळी अध्यापकवर्ग हिंदुस्थानी असावा या दात्यांच्या अटीवर. आणि या संस्थेत विसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. एन. एस. वाहिया यांनी मनोविकारांचा विभाग नावारूपास आणला. वाहिया यांचे नाव आज मुख्यतः त्यांच्या एका प्रयोगासाठी घेतले जाते. पातंजल योगातील आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान या पायऱ्यांवर आधारलेली उपचारपद्धती त्यांनी डॉ. डूंगाजी प्रभृती सहकाऱ्यांसह बसविली, तिची तुलना दिसायला तशाच पण गाभा काढून घेतलेल्या व्यायामाशी केली, आणि ते निष्कर्ष १९७२-७३ च्या सुमारास परदेशी नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. योगाची महती सांगणारे पुष्कळ असतात. ती तपासण्यासाठी खोटा योग तयार करून दोहोंची तुलना करणारा वैद्य विरळा. आपल्या विषयाच्या दृष्टीने मला त्या प्रयोगाहून त्यामागचा दृष्टिकोण मोलाचा वाटतो. माणसाची घडण ही त्याच्या नशिबी आलेली कायमची वस्तू नसून अभ्यासाने हळूहळू वळविता येणारी वस्तू आहे, असे तो धरून चालतो. आणि ज्या काळी पश्चिमेतील कित्येक वैद्य व्यक्तिमत्त्व-विकाराचे निदान म्हणजे उपचाराचे दार बंद झाल्याची पाटी समजत, त्या काळी हे धरून चालणे सोपे नव्हते.

आता निदान प्रत्यक्ष कसे होई, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. कारण ग्रंथातील व्याख्या आणि केस पेपरावरची ओळ यांच्या मध्ये जे घडते, ते इतिहासकाराच्या हाती क्वचितच लागते. व्यक्तिमत्त्व-विकाराचे लक्षण असे की तो पौगंडावस्थेच्या आसपास आकार घेतो, आयुष्याच्या एका कोपऱ्यात न राहता घर, कामधंदा, मैत्री, विवाह अशा सगळीकडे पसरतो, आणि टिकतो. ताप मोजता येतो, रक्त तपासता येते; परंतु वीस वर्षांचे वागणे समोर बसलेल्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यावरून सांगता येत नाही, आणि ज्याला स्वतःचा स्वभाव स्वभावच वाटतो, विकार वाटत नाही, त्याच्याकडून तर मुळीच समजत नाही. म्हणून येथे साक्षीदार लागतो. परळच्या बाह्यरुग्ण विभागात रोग्याबरोबर आलेल्या आईला वा भावाला बाजूला घेऊन जो पहिला प्रश्न विचारला जातो, त्याची दोन उत्तरे येतात. "नाही हो डॉक्टर, आधी असा नव्हता, दिवाळीपासून बिघडलाय," हे एक. आणि "पहिल्यापासून अस्साच आहे, शाळेत होता तेव्हापासून," हे दुसरे. पहिल्या उत्तराने वैद्य आजाराच्या वाटेने जातो: विषाद, उन्माद, छिन्नमनस्कता, मेंदूची इजा, दारू. दुसऱ्या उत्तराने तो स्वभावाच्या वाटेने जाऊ लागतो. परंतु दुसरे उत्तर देणाऱ्याला पुन्हा विचारावे लागते की, शाळेत म्हणजे काय करीत असे, कोणाशी पटत असे, नोकऱ्या किती केल्या आणि कोणत्या कारणाने सोडल्या. कारण रागावलेला बाप 'पहिल्यापासून' हा शब्द गेल्या सहा महिन्यांसाठीही वापरतो, आणि विषादाने ग्रासलेला माणूस स्वतःविषयी बोलताना साऱ्या गतायुष्यावर काळे फासतो.

साक्षीदाराच्या बाबतीत मुंबईची स्थिती मोठी विलक्षण होती. गिरगावातल्या चाळीत एका मजल्यावर दहा-बारा बिऱ्हाडे, एक गॅलरी, सामाईक नळ; तेथे कोणाचा स्वभाव कोणापासून लपून राहत नाही, आणि ठाकूरद्वारच्या मुलाचे बालपण सांगणारी माणसे शेजारच्याच खोलीत सापडतात. लालबाग-परळच्या गाळ्यांची गोष्ट निराळी. तेथे रत्नागिरीकडून आलेला गिरणी कामगार पाळ्या बदलत एकाच खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राही, खाणावळीत जेवी, आणि त्याला रुग्णालयात घेऊन येणारा मनुष्य त्याला मुंबईत आल्यापासूनच ओळखत असे. त्याचे लहानपण सांगणारी आई कोकणात, पत्राच्या अंतरावर. अशा माणसाचा संशयी स्वभाव जन्माचा की रात्रपाळीच्या अनिद्रेतून आणि एकटेपणातून उपजलेला, हे ठरविणे दुरापास्त होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे या वस्तीतून गिरणीच गेली; ज्या घरांत वीस वर्षे सुरळीत कामावर जाणारा माणूस अकस्मात चिडखोर, पिणारा, कोणाचेही न ऐकणारा झाला, त्या घरांची हकीगत ऐकताना वैद्याने स्वभावाची वाट धरली असती तर तो घोर अन्याय झाला असता. चाळीशीत प्रथम दिसू लागलेला बदल हा व्यक्तिमत्त्व-विकार नव्हे, हा नियम केवळ पुस्तकी नाही. तो अशा माणसांचे रक्षण करतो.

आजार की स्वभाव, या प्रश्नावर एका माणसाचा जीव टांगला गेल्याचे उदाहरण याच शहराच्या न्यायदफ्तरात आहे. १९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत, रात्री उघड्यावर आणि झोपड्यांत निजलेल्या गरिबांच्या डोक्यांत जड हत्यार घालून त्यांना ठार मारण्याचे सत्र चालले होते. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर रमण राघव यास डोंगरी भागात पकडण्यात आले. तपासाची सूत्रे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. राघवने गुन्हे कबूल केले. शहराने त्याला राक्षस ठरविले, आणि ज्या शहराने महिनोन्महिने धास्तीने रात्री काढल्या त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. खटला उभा राहण्याआधी आरोपीच्या वकिलाने तो भ्रमिष्ट असल्याची तक्रार मांडली, तेव्हा १९६९ च्या जून-जुलै महिन्यांत पोलीस सर्जनने त्याला सुमारे चार आठवडे निरीक्षणाखाली ठेवले आणि अभिप्राय दिला की, त्याला मनोविकृती नाही, बुद्धिमांद्यही नाही, स्मरणशक्ती शाबूत आहे. याचा कायदेशीर अर्थ एकच होत होता. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडविधानाचे ८४ वे कलम, जे इंग्लंडातील १८४३ च्या मॅकनॉटन खटल्याच्या नियमांवर बेतलेले होते, ते अशाच माणसाला जबाबदारीतून मुक्त करीत असे की ज्याला चित्तभ्रमामुळे आपण काय करीत आहोत हे, अथवा ते चुकीचे वा कायद्याविरुद्ध आहे हे, कळत नव्हते. स्वभावाचे क्रौर्य, कितीही टोकाचे असो, या कलमाखाली येत नसे. आजार नाही असे म्हटले की उरतो तो दुष्ट स्वभाव. आणि दुष्ट स्वभावाला फाशी.

ऑगस्टच्या प्रारंभी नायर रुग्णालयातील एका मनोविकारतज्ज्ञाने आर्थर रोडच्या तुरुंगात त्याची मुलाखत घेतली आणि बचावपक्षातर्फे साक्ष देताना सांगितले की, हा दीर्घकाळच्या संशयप्रधान छिन्नमनस्कतेचा रोगी आहे. एक माणूस, एकच वर्ष, आणि दोन वैद्यांचे परस्परविरोधी निदान. सत्र न्यायालयाने देहदंड ठोठावला. उच्च न्यायालयाने मात्र शिक्षा कायम करण्यापूर्वी तीन मनोविकारतज्ज्ञांचे खास मंडळ नेमण्याचा हुकूम केला, आणि या मंडळाने त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, बोलते केले. त्या बोलण्यातून जे बाहेर आले ते कोणत्याही क्रूर स्वभावाच्या मापात बसणारे नव्हते: जगे दोन आहेत, एक 'कानून'चे आणि दुसरे हे आपले, आपण कानूनचे प्रतिनिधी आहो, आपल्याविरुद्ध मोठमोठ्या सत्तांचे कारस्थान चालले आहे. शेवटच्या भेटीनंतर निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही, कारण या दुष्ट जगातील माणसाला कानूनच्या प्रतिनिधीने शिवायचे नसते. देहदंड रद्द होऊन जन्मठेप झाली, आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला. ज्यांची डोकी त्याने फोडली त्यांच्याविषयीचे आपले दुःख या निदानाने तिळमात्र कमी होत नाही, होऊही नये. परंतु शहराने आणि शासनाने ज्याला स्वभाव म्हटले तो आजार होता, हे ठरविण्यासाठी पाच बैठकांतले दहा तास लागले, ही वस्तुस्थिती मी विसरू शकत नाही.

वैद्यावैद्यांतील हा मतभेद केवळ मुंबईचा नव्हता. साऱ्या जगातच निदान ज्या त्या वैद्याच्या गुरुपरंपरेवर अवलंबून होते, आणि त्याला आवर घालण्यासाठी अमेरिकन मनोवैद्यक संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली. तीत प्रत्येक विकाराचे निकष क्रमांकवार दिले, आणि व्यक्तिमत्त्व-विकारांना इतर मनोविकारांपासून वेगळा असा दुसरा अक्ष दिला, जेणेकरून विषादाचे निदान करताना वैद्याने रोग्याच्या मूळ घडणीचाही विचार करावा. हेतू स्तुत्य होता आणि त्याचा लाभही झाला. परळच्या निवासी डॉक्टरापासून न्यूयॉर्कच्या प्राध्यापकापर्यंत सर्वांना समान परिभाषा मिळाली. पण मोजणीने नवे कोडे उभे केले. अस्थिर भावनांच्या ज्या विकाराला सीमारेषेवरचा म्हणतात, त्याचे चौथ्या आवृत्तीत नऊ निकष असून त्यांतील कोणतेही पाच पुरे होत. म्हणजे एकाच निदानाला पोहोचण्याचे २५६ मार्ग, आणि दोन रुग्णांमध्ये जेमतेम एकच लक्षण समान असूनही दोघांच्या कागदावर एकच नाव. शिवाय ज्याला एक व्यक्तिमत्त्व-विकार आढळे त्याला बहुधा दुसरा आणि तिसराही आढळे. जागतिक आरोग्य संघटनेची रोगसूची आणि अमेरिकन पुस्तिका यांच्यातही एकवाक्यता नव्हती: विक्षिप्त विचार व एकांतप्रियता यांनी युक्त असा जो विकार अमेरिकन पुस्तिका व्यक्तिमत्त्वाच्या सदरात घालते, तोच जागतिक सूचीच्या १९९२ च्या दहाव्या आवृत्तीत छिन्नमनस्कतेच्या शेजारी बसविलेला आहे.

देशोदेशीच्या मातीत हे प्रकार सारखेच उगवतात काय, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने एक प्रमाणित मुलाखत तयार होऊन अकरा देशांतील चौदा केंद्रांत ७१६ रुग्णांवर तिची परीक्षा झाली. भारतातून त्यात बंगळूर होते, आणि निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक प्रकार बहुतेक ठिकाणी आढळले, मात्र लोकांच्या टीकेच्या भीतीने त्यांना टाळत राहणारा जो प्रकार, तो बंगळूरला आढळला नाही. भिडस्तपणाला दोष न मानणाऱ्या, मुलीच्या बुजरेपणाला मर्यादा म्हणणाऱ्या समाजात ते लक्षण वैद्यापर्यंत आलेच नसावे, असा माझा तर्क आहे. विकाराची रेषा अंशतः समाज आखतो, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

इतक्यात या कथेला एक अनपेक्षित वळण मिळाले. १९४४ साली महाराष्ट्रात जन्मलेले, किशोरवयात पुण्याच्या वाचनालयात फ्रॉइडचे ग्रंथ वाचून या विषयाकडे ओढले गेलेले, पुण्यास वैद्यकीची पदवी घेऊन केईएममध्ये वाहियांच्या हाताखाली मनोवैद्यक शिकलेले आणि सत्तरीच्या दशकात अमेरिकेस गेलेले डॉ. दिलीप जेस्ते २०१२ साली अमेरिकन मनोवैद्यक संघटनेचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले आशियाई वंशाचे ते पहिले. त्यांच्याच कारकिर्दीत निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती सिद्ध व्हावयाची होती, आणि तीतील सर्वाधिक वादग्रस्त प्रकरणांपैकी एक व्यक्तिमत्त्व-विकारांचे होते. अँड्र्यू स्कोडॉल यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने अशी तजवीज सुचविली होती की, दहा प्रकारांपैकी सहाच ठेवावेत. आधी रुग्णाचे आत्मभान, ध्येयशीलता, परदुःखाची जाण आणि जवळीक साधण्याची शक्ती किती क्षीण झाली आहे ते पाहावे, मग त्याच्या स्वभावगुणांची पाच दिशांनी मोजणी करावी. तात्त्विकदृष्ट्या ही सूचना जुन्या यादीहून सरस होती, परंतु गजबजलेल्या दवाखान्यात वापरावयास अवघड म्हणून तिच्यावर टीका झाली, आणि खुद्द कार्यगटातील दोन सभासदांनी, रोएल व्हरहॉल व जॉन लिव्हस्ली यांनी, २०१२ साली राजीनामे दिले. त्या वर्षी १ डिसेंबर रोजी संघटनेच्या विश्वस्तमंडळाने निर्णय केला: जुनी दहा प्रकारांची यादी मुख्य भागात तशीच राहील आणि नवी पद्धत पुढील अभ्यासासाठी तिसऱ्या विभागात छापली जाईल. मे २०१३ मध्ये पुस्तक बाहेर पडले, तेव्हा एकाच ग्रंथाच्या दोन भागांत एकाच विषयाच्या दोन व्यवस्था होत्या. कित्येकांनी याला कच खाणे म्हटले. मला तसे वाटत नाही. प्रश्न सुटला नसताना तो सुटल्याचे फर्मान काढण्यापेक्षा दोन्ही पक्ष वाचकापुढे ठेवणे अधिक प्रामाणिक होते.

इकडे परळला दरम्यान निराळ्या दिशेने विचार चालला होता. विष घेतलेल्या, जाळून घेतलेल्या माणसांना महापालिकेच्या रुग्णालयांत रोज दाखल केले जाते. आणि वारंवार स्वतःला इजा करणे हा अस्थिर व्यक्तिमत्त्वाचा एक निकष असल्याने अशा रुग्णाच्या, विशेषतः तरुण विवाहितेच्या, कागदावर ते नाव चटकन उमटण्याचा संभव असतो. डॉ. शुभांगी पारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील एका सर्वसाधारण रुग्णालयात अशा रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २००८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात घरातील छळ, नवऱ्याचे पिणे, पैशाची चणचण आणि स्त्रीपुरुषांवरील वेगवेगळे सामाजिक दडपण यांचे मोल निदानाच्या बरोबरीने मांडले होते. सासरी रोज मार खाणाऱ्या सुनेची चिडचिड हा तिचा व्यक्तिमत्त्व-विकार नव्हे, हे सांगण्यास अभ्यासाची गरज पडावी हे दुर्दैव. पण गरज होती.

१ जानेवारी २०२२ पासून जागतिक सूचीची अकरावी आवृत्ती अंमलात आली आणि तिने ते केले जे अमेरिकनांना करवले नव्हते: प्रकारांची यादीच मोडीत काढली. संशयी, नाटकी, परावलंबी ही सगळी नावे गेली. पीटर टायरर यांच्या कार्यगटाच्या मांडणीनुसार आता वैद्याने आधी विकार आहे की नाही ते ठरवावे, असल्यास तो सौम्य, मध्यम की तीव्र ते सांगावे, आणि हवे तर पाच स्वभावगुणांपैकी कोणता प्रबळ आहे त्याची जोड द्यावी. जुन्या यादीतील सीमारेषेच्या विकाराला तेवढी एक पुरवणी नोंद म्हणून जागा ठेवली आहे. ही व्यवस्था मला अधिक माणुसकीची वाटते, कारण तीव्रता कमी होऊ शकते असे ती गृहीत धरते. आणि जन्माची पाटी गळ्यात घालण्याऐवजी आज हा माणूस कितपत निभावतो आहे एवढेच विचारते.

आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे तिसरे कलम म्हणते की, मानसिक आजार आहे की नाही ते जागतिक सूचीसारख्या मान्य प्रमाणांनीच ठरवावे, आणि समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी कोणाचे वागणे जुळत नाही एवढ्यावरून त्याला आजारी ठरवू नये. व्यक्तिमत्त्व-विकाराच्या बाबतीत या दुसऱ्या वाक्याचे मोल फार आहे. जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या मुलाला वा मुलीला 'स्वभाव बिघडला' म्हणून रुग्णालयात आणणाऱ्या घराला वैद्याने दाखवावे असे ते वाक्य आहे. उलट त्याच कायद्याच्या व्याख्येत विचार, भावस्थिती, संवेदन, भान आणि स्मृती यांचे गंभीर विकार आले आहेत. व्यक्तिमत्त्वाचा नामोल्लेख नाही. तीव्र विकाराने स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसाला संमतीवाचून दाखल करून घेता येईल की नाही, हे वैद्याला दर वेळी या व्याख्येच्या आधारे नव्याने ठरवावे लागते, आणि ते ठरविताना रुग्णाची सगळी हकीगत हाताशी असावी लागते. सौम्य, मध्यम आणि तीव्र यांतील भेद सार्वजनिक रुग्णालयाच्या सकाळच्या रांगेत एका रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या मिनिटांत होणारा नाही. त्यासाठी नातेवाइकाशी वेगळे बोलता येईल अशी खोली, दुसरी व तिसरी भेट, आणि घरी जाऊन चौकशी करणारा समाजसेवक यांची तरतूद अंदाजपत्रकात झाली पाहिजे. आणि ती होईपर्यंत ज्या वैद्याला हकीगत पुरी मिळालेली नाही, त्याने केस पेपरावर व्यक्तिमत्त्वाविषयीचा निर्णय राखून ठेवल्याचे स्पष्ट लिहावे, आणि विषादावर, निद्रेवर, दारूवर जो उपचार आज करता येतो तो आजच सुरू करावा.